‘कोळसून विशेष’ नागझिरा सहल: दोन रात्री, तीन सफारी आणि काही आक्षेप

गेल्या दिवाळीच्या सुमारास नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पातील एका ‘कोळसून विशेष’ सहलीची जाहिरात माझ्याकडे आली आणि तिच्यातील छायाचित्र पाहताच माझा पहिला आक्षेप तयार झाला. अंगभर काळे, पिवळे, पांढरे ठिपके आणि पसरट गोल कान असा जो प्राणी त्या जाहिरातीत ऐटीत उभा होता, तो आफ्रिकेतील रानकुत्रा होता. आपला कोळसून, म्हणजे भारतातला रानकुत्रा, अंगाने विटकरी-तांबूस, गळ्याशी व पोटाशी फिकट आणि शेपटीने काळा झुपकेदार असतो; शिवाय तो ना आफ्रिकेतल्या त्या ठिपकेदार कुत्र्याच्या वंशातला, ना गावातल्या कुत्र्याच्या. ‘क्युऑन’ नावाच्या स्वतंत्र वंशात आज तो एकटाच उरला आहे. आयोजकांच्या कार्यालयात फोन करून ही चूक सांगितली, तेव्हा पलीकडच्या मुलीने अतिशय नम्रपणे विचारले, ‘‘पण काका, तोही जंगली कुत्राच आहे ना?’’ तिच्यावर रागावण्यात अर्थ नव्हता. तरीही ज्याच्या नावाने पैसे घ्यायचे त्याचे तोंड तरी ओळखता यावे, एवढी अपेक्षा रास्त मानायला हरकत नसावी.

असे असूनही मी नाव नोंदवले, कारण वाघाच्या नावाने निघणाऱ्या सहलींच्या गर्दीत कोळसुनाच्या नावाने निघालेली ही पहिलीच सहल माझ्या पाहण्यात आली होती. नागपूर रेल्वे स्थानकापासून परत तेथपर्यंतचा प्रवास, दोन रात्रींचा मुक्काम, जेवण, जिप्सीतून तीन सफारी, कोळसुनावर काम केलेल्या एका संशोधिकेचे व्याख्यान आणि बफर क्षेत्रातील एका गावात कुत्र्यांच्या लसीकरणाला अर्ध्या दिवसाची भेट, एवढ्याचे माणशी १९,५०० रुपये. त्यांतील १,००० रुपये ‘कोळसून संवर्धनासाठी’ असल्याचे पावतीवर छापले होते. त्या हजार रुपयांविषयी पुढे लिहितो.

मुक्कामाच्या जागेविषयी फार लिहिण्यासारखे नाही. खोल्या स्वच्छ होत्या, गरम पाणी वेळेवर मिळाले, जेवण साधे पण उत्तम होते आणि पहाटे पाचला चहा मागावा लागला नाही. फेब्रुवारीतल्या उघड्या जिप्सीत काय थंडी वाजते हे ठाऊक असल्याने कोणीतरी आठवणीने घोंगड्या दिल्या, एवढी नोंद मात्र कृतज्ञतेने करतो.

सहलीचा खरा कस लागला तो पहिल्या संध्याकाळच्या व्याख्यानात, आणि तेथे आयोजकांना पूर्ण गुण द्यावे लागतील. पडदा नाही, प्रक्षेपक नाही. व्हरांड्यात एक टेबल, त्यावर कवटीचा साचा, पावलाच्या ठशाचा प्लास्टरमधला नमुना आणि कागदी पाकिटांत वाळवून ठेवलेले विष्ठेचे काही तुकडे, एवढेच साहित्य होते. बाईंनी कवटी आमच्या हातात दिली आणि खालच्या जबड्यातल्या मागच्या दाढा मोजायला सांगितल्या. कुत्रा, लांडगा, कोल्हा यांच्या खालच्या जबड्यात प्रत्येक बाजूला तीन मागच्या दाढा असतात, कोळसुनाला दोनच. दात एकूण ४०, कुत्र्याचे ४२. चावत बसण्याच्या दाढा कमी आणि मांस कातरण्याची सोय अधिक, अशा या तोंडाचा उपयोग काय, हे त्यांनी एका वाक्यात सांगितले: बारा ते वीस किलोंच्या प्राण्याने चितळ मारले, तर वाघ किंवा बिबट्या येऊन हिसकावून नेण्यापूर्वी ते पोटात गेले पाहिजे. माझ्या शेजारच्या गृहस्थांनी तो जबडा तीनदा उलटसुलट करून पाहिला आणि मग खिशातून चष्मा काढून पुन्हा दाढा मोजल्या.

कोळसुनाची बदनामी या घाईतूनच झाली. वाघासारखी गळ्याची एक पकड धरून तो मोठे सावज मारत नाही. कळप धावत्या जनावराला फाडत खाली आणतो, आणि पाहणाऱ्याला ते क्रौर्य वाटते. ब्रिटिश अमलात शिकाऱ्यांना आणि वनाधिकाऱ्यांनाही हा प्राणी हरणांचा शत्रू वाटे, आणि त्याला मारून आणणाऱ्यास सरकारी बक्षीस मिळे. स्वातंत्र्यानंतरही ही पद्धत लगेच संपली नाही. तिला खऱ्या अर्थाने आळा बसला तो १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने. ज्या प्राण्याला मारल्याबद्दल आपल्या आजोबांच्या पिढीला रोख रक्कम मिळत होती, त्याला पाहण्यासाठी आपण आज रोख रक्कम मोजतो आहोत, हे बाईंनी हसत हसत सांगितले. श्रोत्यांपैकी दोघांना ते फारसे रुचले नसावे.

आकडेही त्यांनी हातचे राखून न ठेवता दिले. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या २०१५च्या मूल्यांकनानुसार जगभरात ४,५०० ते १०,५०० कोळसून असावेत, आणि त्यांतील प्रजननक्षम प्रौढ केवळ ९४९ ते २,२१५. कळपात सहसा एकच मादी विते आणि बाकीचे तिची पिल्ले वाढवण्यात हातभार लावतात, त्यामुळे एकूण संख्येतला फार थोडा भाग पुढची पिढी घडवतो, हे ऐकल्यावर या दोन आकड्यांमधले अंतर कळते. एके काळी मध्य आशियापासून जावा बेटापर्यंत पसरलेला हा प्राणी आपल्या मूळ क्षेत्राच्या तीन चतुर्थांशांहून अधिक भागातून नाहीसा झाला आहे. भारतात पश्चिम घाट आणि मध्य भारतातली जंगले हे त्याचे मोठे आधार आहेत. म्हणजे महाराष्ट्राच्या वाट्याला दोन्हींचा तुकडा आलेला आहे.

मला सर्वांत उपयुक्त वाटला तो भाग मोजणीचा होता. वाघाचे पट्टे प्रत्येकाचे निराळे असतात, म्हणून जंगलात लावलेल्या स्वयंचलित कॅमेऱ्यांतील छायाचित्रांवरून वाघ ओळखता आणि मोजता येतो. कोळसुनाच्या अंगावर अशी ओळखीची खूण नाही. एकाच कॅमेऱ्यासमोरून दहा वेळा कोळसून गेला, तर तो एकच दहा वेळा गेला की दहा निरनिराळे गेले, हे छायाचित्रावरून सांगणे फार कठीण. म्हणून विष्ठा गोळा करायची, तिच्यातून डीएनए वेगळा करायचा आणि त्यावरून जनावर ओळखायचे. पाकिटांतले ते तुकडे याकरिता होते. एका तुकड्यात चितळाचे राठ केस भिंगाखाली स्पष्ट दिसत होते. व्याख्यान दीड तास चालले. प्रश्नोत्तरे त्याहून अधिक वेळ रंगली असती, परंतु सहलप्रमुखांनी जेवण गार होत असल्याचे दोनदा सांगितल्याने आटोपते घ्यावे लागले.

आता सफारींविषयी. नवेगाव राष्ट्रीय उद्यान आणि नवेगाव, नागझिरा, नवीन नागझिरा, कोका ही चार अभयारण्ये मिळून २०१३ मध्ये हा व्याघ्र प्रकल्प घोषित झाला. गाभा क्षेत्र सुमारे ६५० चौरस किलोमीटर. भंडारा आणि गोंदिया जिल्ह्यांतल्या या जंगलाची ख्याती कोळसुनांसाठी जुनी आहे. कळप मात्र आज येथे तर उद्या पलीकडच्या टेकडीमागे असा फिरत असतो. म्हणून जाहिरातीतले ‘हमखास दर्शन’ हे शब्द काढून टाकावेत, ही माझी दुसरी सूचना.

पहिली सफारी कोळसुनाविना गेली, याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सहलप्रमुखांच्या वागण्याविषयी. समोरून येणाऱ्या प्रत्येक जिप्सीला थांबवून ते एकच प्रश्न विचारत होते, ‘‘वाघ कुठे आहे?’’ वाघाची बातमी मिळाली की आमची गाडी तिकडे वळे. नाही मिळाली तर पाणवठ्यावर जाऊन वाघाचीच वाट पाहत उभी राही. संध्याकाळचे ऊन कलले आणि कोळसून बाहेर पडण्याची वेळ झाली, तेव्हा आम्ही इतर अकरा गाड्यांसह एका झुडपाकडे टक लावून बसलो होतो. त्या झुडपात वाघ असल्याचे सांगण्यात आले होते, असेलही. याच नागझिऱ्यातून उमरेड-कऱ्हांडल्यात गेलेला ‘जय’ नावाचा वाघ २०१६ मध्ये दिसेनासा झाला, तेव्हा वर्तमानपत्रांचे रकानेच्या रकाने भरले होते. कोळसुनाचा अख्खा कळप नाहीसा झाला, तर त्याची बातमी द्यायला त्याला नावसुद्धा नसते. मी हे सहलप्रमुखांना बोलून दाखवले; त्यांनी मान डोलावली आणि पुढच्या गाडीला हात केला.

दुसऱ्या दिवशी पहाटे पिटेझरी गेटवर जो गाईड आमच्या गाडीत चढला, त्याने सहल वाचवली. जवळच्याच गावचा, चाळिशीतला, कमी बोलणारा माणूस. वाघाचा विषय निघाला तेव्हा त्याने ‘‘बघू जी’’ एवढेच म्हटले आणि चालकाला सरळ दोन रस्ते मिळतात त्या ठिकाणी गाडी उभी करायला सांगितली. तेथे रस्त्याच्या कडेला दोन-तीन हातांच्या जागेत विष्ठेचे बरेच ढिगारे होते; काही उन्हाने पांढरे पडलेले, काही काळपट आणि ताजे. कळपातले अनेक कोळसून एकाच ठरावीक जागी, बहुधा रस्त्यांच्या तिठ्यावर, विष्ठा टाकतात. ‘‘हा त्यांचा ग्रामपंचायतीचा फळा आहे,’’ गाईड म्हणाला, ‘‘कोण आलं, कोण गेलं, सगळं इथं लिहून असते.’’ खाली उतरण्यास मनाई असल्याने आम्ही तो फळा गाडीतूनच वाचला.

थोड्या वेळाने डावीकडच्या बांबूतून चितळाचा इशारा झाला, आणि मागोमाग एक आवाज आला, जो मी आधी ध्वनिमुद्रणात ऐकलेला असूनही ओळखू शकलो नाही. रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी कोणी हळूच फुंकर घालावी तशी ती शीळ होती. कोळसून गावच्या कुत्र्यासारखा भुंकत नाही; दाट झाडीत पांगलेला कळप या शिळेवर पुन्हा जमतो. माझ्या मागे बसलेल्या तरुणाने लगेच मोबाइल काढला; त्यात ध्वनिमुद्रित शीळ होती आणि ती वाजवून कळपाला जवळ बोलवावे, असा त्याचा बेत होता. जुने शिकारी रिकाम्या काडतुसात फुंकर मारून कळपाला असेच फसवत, हे आदल्या संध्याकाळी त्यानेही ऐकले होते. बहुधा चुकीच्या अर्थाने ऐकले असावे. गाईडने मान वळवून फक्त ‘‘नाही जी भाऊ, ते ठेवून द्या’’ म्हटले. आवाज चढवला नाही, आणि मोबाइल खिशात गेला.

सात कोळसून रस्त्यावर आले. दोन धुळीत लोळू लागले, एक आमच्याकडे पाहत बसून राहिला. एकाने पुढच्या दोन पायांवर तोल सावरत मागचे दोन्ही पाय हवेत उचलले आणि ऐनाच्या झाडाच्या बुंध्यावर शक्य तितक्या उंचावर मूत्राची खूण केली. सर्कशीतल्या कसरतपटूला लाजवील अशी ही सवय या प्राण्यात आढळते, हे ऐकून माहीत असले तरी डोळ्यांनी पाहताना हसू आवरत नाही. जवळजवळ दहा मिनिटे हे चालले होते आणि आमची एकच गाडी तेथे होती. केवळ या दहा मिनिटांसाठी मी १९,५०० रुपये पुन्हा देईन.

मग कळपातली एक मादी, पोट तटतटून फुगलेले, एकटीच उठली आणि ठाम दुडक्या चालीने नाल्याच्या दिशेने निघाली. सहलप्रमुखांनी चालकाला पुढचा वळसा घालून नाल्यापलीकडच्या रस्त्यावर तिला गाठायला सांगितले. गाईडने चालकाच्या खांद्यावर हात ठेवला. ‘‘नाही जी सर, तिकडं नाही जायचं. खाऊन निघाली ते, पिल्लायले द्यायले. गाडी मागं लागली का जागा बदलते.’’ मध्य भारतात कोळसुनाची पिल्ले साधारण नोव्हेंबर ते मार्च या काळात जन्मतात, सुमारे अडीच महिने बिळाच्या आसपास राहतात आणि शिकारीवरून परतलेले मोठे कोळसून पोटातले मांस ओकून त्यांना भरवतात. बिळाभोवती वर्दळ वाढली तर कळप पिल्ले उचलून दुसरीकडे नेतो. हे सर्व सहलप्रमुख आदल्या संध्याकाळी आमच्याबरोबर बसूनच ऐकत होते. तरी त्यांचा पुढचा प्रश्न होता, ‘‘दोन मिनिटं पाहून परत येऊ, काय फरक पडतो?’’ गाडीतल्या सहांपैकी चौघांना तो प्रश्न पटलेला दिसला. शेवटी चालकाने इंजिन बंद केले आणि वाद मिटला. गाईडची नेमणूक आयोजक करत नाहीत, तो गेटवर क्रमाने मिळतो. तेव्हा त्या सकाळच्या संयमाचे श्रेय आयोजकांना देता येत नाही, आणि पुढच्या पर्यटकांना असाच गाईड मिळेल याची हमीही नाही. कोळसुनाच्या नावाने सहल काढणाऱ्याने प्रजननाच्या काळात काय करायचे नाही, याची लेखी सूचना पर्यटकांना आणि आपल्या माणसांना आधी द्यावी. माझ्या लेखी या सेवेतली ही सर्वांत गंभीर उणीव आहे.

तिसरी सफारी पुन्हा वाघाच्या शोधात गेली. वाघ दिसला. त्याविषयी इतरत्र पुष्कळ लिहिले जाते.

शेवटच्या सकाळची गावभेट ही कल्पना म्हणून उत्कृष्ट आणि अंमलबजावणीत अर्धवट निघाली. जंगलाच्या कडेला मोकाट फिरणारी कुत्री कोळसुनांच्याच वाटांवर हिंडतात, त्यांनी मारलेल्या जनावरांच्या अवशेषांवर जातात आणि रेबीज, पार्व्हो, डिस्टेम्पर असे रोग त्यांच्यापर्यंत पोहोचवू शकतात. कळपाने राहणाऱ्या, एकमेकांना चाटणाऱ्या, एकमेकांच्या तोंडातले खाणाऱ्या प्राण्यात असा रोग शिरला तर काय होईल, याची कल्पना करण्यास फार अभ्यास लागत नाही. २०१८ मध्ये गीरमध्ये सिंहांचे जे मृत्यू झाले, त्या वेळी तपासणीत डिस्टेम्परचाच विषाणू सापडला होता. गावातल्या कुत्र्याला टोचलेली सुई हे म्हणूनच कोळसून संवर्धनाचे काम आहे, आणि पर्यटकांना ते जवळून दाखवावेसे वाटले, याबद्दल आयोजकांचे मनापासून कौतुक.

समाजमंदिरासमोर बर्फाचा डबा, सिरिंजांचे खोके आणि लाल रंगाची बाटली घेऊन दोघे जण बसले होते. पोरे दोरीला बांधून कुत्री आणत होती. बांधून न येणाऱ्या एका काळ्या कुत्र्यावर पोते टाकून त्याला धरावे लागले. एक म्हातारी आपल्या कुत्र्याचे डोके मांडीवर घेऊन बसली होती आणि सुई टोचताना तिनेच डोळे मिटून घेतले. ‘‘झालं का जी? दुखलं नाही ना त्याले?’’ तिने विचारले, आणि ‘‘नाही मावशी, झालं’’ ऐकल्यावरच डोळे उघडले. टोचलेल्या कुत्र्याच्या कपाळावर लाल रंगाचा ठिपका लावला जात होता. दोन तासांत एकतीस कुत्री झाली. मी मोजत होतो.

रंगाचा ठिपका चार दिवसांत जातो, म्हणून मी नोंदवही मागितली. ती नव्हती. टोचलेल्यांत पिल्ले बरीच होती, आणि पिल्लांना डिस्टेम्पर-पार्व्होच्या लसीचा एकच डोस पुरत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा टोचावे लागते. दुसऱ्या डोसची तारीख विचारली, तेव्हा सहलप्रमुखांनी ‘‘पुढची सहल येईल तेव्हा’’ असे उत्तर दिले, आणि पुढची सहल नोंदणी किती होते त्यावर अवलंबून होती. पावतीवरच्या त्या १,००० रुपयांतून लस आली की आणखी कशातून, याचाही हिशेब कोणाकडे नव्हता. मी तो लेखी मागितला आहे. हे लिहीपर्यंत उत्तर आलेले नाही. रक्कम मोठी नाही. परंतु संवर्धनाच्या नावाने वेगळी रक्कम छापायची असेल, तर सुया किती, कुत्री किती, गाव कोणते आणि पुढची फेरी केव्हा, एवढे चार रकाने तरी भरलेले दाखवता आले पाहिजेत.

आणखी एक संधी आयोजकांनी हकनाक दवडली. परतीच्या वाटेवर आम्ही मुंबई-कोलकाता महामार्गावर आलो. पूर्वी ६ क्रमांकाचा आणि आता ५३ क्रमांकाचा हा रस्ता नागझिरा आणि नवेगाव या दोन जंगलांच्या मधून जातो. एका बाजूच्या कळपातून वेगळा झालेला तरुण कोळसून दुसऱ्या बाजूला जोडीदार शोधायला निघाला, तर त्याला हाच रस्ता ओलांडायचा असतो. पेंचमधून जाणाऱ्या ४४ क्रमांकाच्या महामार्गाखाली प्राण्यांसाठी ९ ठिकाणी मोकळ्या वाटा ठेवल्या आहेत आणि त्यांखालून वाघांप्रमाणे कोळसूनही जात असल्याचे कॅमेऱ्यांत नोंदले गेले आहे. व्याख्यानाच्या शेवटी बाई या विषयाकडे वळत होत्या, तेवढ्यात जेवणाची घाई झाली. गाडी दहा मिनिटे कडेला घेऊन हे दाखवले असते, तर सहलीचा सर्वांत स्वस्त आणि कदाचित सर्वांत लक्षात राहणारा धडा तेथे झाला असता. त्याऐवजी गाडीत गाणी लावण्यात आली.

कोणी जावे? ज्यांना कोळसुनाविषयी खरोखर जाणून घ्यायचे आहे त्यांनी जावे, केवळ त्या व्याख्यानासाठीसुद्धा जावे. मात्र नोंदणी करतानाच तीनपैकी किमान दोन सफारी वाघाच्या मागे जाणार नाहीत, हे लेखी घ्यावे. ज्यांना वाघच पाहायचा आहे त्यांना याहून कमी खर्चात तो दाखवणारे पुष्कळ आहेत. पाचपैकी मी तीन गुण देतो. त्यांतले दोन व्याख्यानाचे आणि एक गावभेटीच्या कल्पनेचा.

नागपूर स्थानकावर उतरताना अभिप्रायाचा छापील कागद भरून घेण्यात आला. ‘आपण काय पाहिले?’ या प्रश्नाखाली वाघ, बिबट्या, अस्वल, गवा अशा चार चौकटी होत्या. मी ‘इतर’ या शब्दापुढे ‘कोळसून, ७’ असे लिहिले आणि कागद परत दिला.